वेतन सोडले, वैर धरले नाही

१९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशातील जळगावी १९०७ साली कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. ही हकीकत जळगाव-धुळ्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्या संमेलनास उपस्थित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्मरण मात्र त्या मानाने कमी होते. टीका कशी सोसावी, याचा धडा त्यांच्या चरित्रातून घेण्याजोगा आहे.

टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आप्तेष्ट दुरावले, स्वजातीयांची निंदा वाट्यास आली. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दूर राहिल्या; पण टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. पुढे बालकवी नगरला टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. एका धर्मोपदेशकाच्या घरी हे घडले, हेच निंदकांना पुरेसे उत्तर होते.

परक्यांची टीका सोसणे त्या मानाने सोपे. स्वकीयांची टीका अधिक झोंबते. तुकोबांमुळे आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक मोकळेपणाने सांगत. अभंग व कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजविले. हिंदी ख्रिस्ती मंडळीने परदेशी मिशनच्या पैशावर आणि मार्गदर्शनावर किती काळ चालावे, हा त्यांचा प्रश्न होता. मात्र ज्याच्या हातून वेतन घ्यावयाचे त्याच्याच धोरणावर बोट ठेवावयाचे, ही अवघड स्थिती होय. टिळकांनी ती स्वतःपुरती सोडविली. १९१७ साली, सुमारे बावीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. अनेक स्वधर्मीयांना हे रुचले नाही. तरीही टिळकांनी आपला मार्ग सोडला नाही आणि मिशनशी वैरही धरले नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

धैर्याला नम्रतेची जोड नसेल तर त्याचा हट्ट होतो. नम्रतेला धैर्याची जोड नसेल तर तिची खुशामत होते. टिळकांच्या ठायी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या.

तथापि, त्यांचा मार्ग सर्वांना सांगता येणार नाही. पगारावर ज्याचे घर चालते त्या शिक्षकाने वा कारकुनाने सत्य बोलण्यासाठी नोकरी सोडावी, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. येथे जबाबदारी खुर्चीवर बसलेल्याची आहे. शाळा असो, पतपेढी असो की देवालय. तेथील प्रमुखाने एवढेच पाहावे की, हाताखालच्या माणसाला आपली चूक दाखविताना उद्याच्या भाकरीची चिंता वाटते काय. ती वाटत असेल, तर त्या संस्थेतील शांतता समाधानाची नव्हे, भीतीची आहे.