हिवाळ्यात बारीक होणारा प्राणी

सायबेरियाच्या गवताळ प्रदेशात हॅमस्टर नावाचा एक छोटा प्राणी राहतो. तो उंदरासारखा दिसतो. उन्हाळ्यात त्याचे वजन सुमारे ४० ग्रॅम असते. हिवाळ्यात ते २५ ग्रॅमपर्यंत उतरते. त्याला खायला मिळत नाही, म्हणून असे होते का? नाही. समोर भरपूर दाणे ठेवले, तरी तो हिवाळ्यात कमीच खातो!

याचे कारण त्याच्या मेंदूत आहे. तेथील एक लहानशी ग्रंथी रात्रीच्या अंधारात मेलॅटोनिन हे संप्रेरक तयार करते. संप्रेरक म्हणजे रक्तातून निरोप नेणारे रसायन. हिवाळ्यात रात्र मोठी असते, म्हणून मेलॅटोनिन जास्त वेळ तयार होते. त्यामुळे मेंदूच्या ज्या भागात भुकेचे नियंत्रण होते, तेथे थायरॉइडचे संप्रेरक कमी पडते. मग भूक मंदावते आणि चरबी घटते.

प्रयोगशाळेत रोज १६ तास दिवा लावून ठेवला, तर हिवाळ्यातही हॅमस्टरचे वजन असे उतरत नाही.

बर्फात दाणे शोधणे कठीण असते. लहान शरीराला अन्न थोडे पुरते. म्हणून बारीक झालेला हॅमस्टर कडक हिवाळ्यातही जगू शकतो.