सघन सफरचंद बाग: रोपं शेवटी घ्या, पाणी आधी मोजा



हिमाचल-काश्मीरमधल्या सघन सफरचंद बागांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. एकरी हजारावर झाडं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ. हे खरं आहे, पण तो धंदा ज्या पाइपावर उभा आहे, त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. आज तेच बघू.

झाड लहान, मूळही लहान

जुनी बाग ६ × ६ मीटरवर, म्हणजे एकरी साधारण ११२ झाडं. सघन बाग ३ × १ मीटरवर, म्हणजे एकरी सुमारे १,३५०. इतकी झाडं बसतात, कारण कलम एम-९ सारख्या बुटक्या खुंटावर असतं. या खुंटाची मुळं उथळ आणि कमी पसरणारी. झाडाला उभं राहायलासुद्धा खांब आणि तारा लागतात. जुनं झाड खालची ओल शोधून आठ-दहा दिवस काढतं, याला ते जमत नाही. म्हणून पाणी आणि खत, दोन्ही थोडं थोडं पण नेमानं द्यावं लागतं.

पाण्याचं गणित

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एवढं लक्षात ठेवा.

रोजचं पाणी = बाष्पीभवन × पीक गुणांक × एका झाडाची जागा

उन्हाळ्यात भरात आलेल्या बागेसाठी: ५ मि.मी. × ०.८ × ३ चौ.मी. = झाडाला १२ लिटर. एकरी सुमारे १६,००० लिटर, रोज!

नळीवर दर ५० सें.मी.ला ताशी २ लिटरचा ड्रिपर असेल, तर झाडाला दोन ड्रिपर, म्हणजे ताशी ४ लिटर. ठिबक ३ तास चालवायचं. वीज तेवढा वेळ असते का, हे आधी तपासा. झरा किंवा विहीर दहा दिवस साथ देणार नसेल, तर १.६ लाख लिटरचा साठा हवा.

खत कधी, कोणतं?

ठिबक सुरू झाल्यावर आधी साधं पाणी, मग व्हेंच्युरीतून विद्राव्य खत, शेवटचा अर्धा तास पुन्हा साधं पाणी. नळी धुतली जाते आणि खत मुळांपाशी राहतं.

- पोतं नाही, अन्नद्रव्य मोजा. १९:१९:१९ च्या २५ किलोत नत्र फक्त ४.७५ किलो. एकूण किती द्यायचं ते माती आणि पान तपासणीवरून ठरवा.
- नत्राचा भर वसंतात. काढणीजवळ जास्त नत्र गेलं तर फळाला रंग येत नाही, आणि बाजारात भाव रंगाला मिळतो.
- कॅल्शियम कमी पडलं तर फळावर तपकिरी खड्डे पडतात.
- कॅल्शियम नायट्रेट हे १२:६१:०० किंवा सल्फेटयुक्त खतात कधीच मिसळू नका. साका बसतो, ड्रिपर बुजतात. वेगळ्या दिवशी द्या.

फिल्टरवर काटकसर नको

तळ्याचं पाणी असेल तर सँड फिल्टर, बोअरमधून वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन, आणि दोन्हींच्या पुढे डिस्क किंवा जाळीचा फिल्टर. नळ्यांची टोकं ठरावीक दिवसांनी उघडून फ्लश करा. जुन्या बागेत एखादं झाड तहानलेलं राहिलं तर निभतं. इथे एक नळी बुजली की अख्खी ओळ जाते.

मग आपण काय घ्यायचं?

सफरचंदाला हिवाळ्यात थंडीचे भरपूर तास लागतात, म्हणून हे मॉडेल जसंच्या तसं महाराष्ट्रात आणू नका. पण सघन पेरू किंवा आंबा लावणार असाल, तर हिशोबाची रीत हीच. अंतर आणि पीक गुणांक तेवढे बदला.

खर्चाचा क्रमही हाच ठेवा: पाण्याचा स्रोत, साठा, फिल्टर, ठिबक आणि सगळ्यात शेवटी रोपं. 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे, पण ते सरकारनं ठरवलेल्या खर्चावर, तुमच्या बिलावर नाही. त्यामुळे बजेट पूर्ण रकमेचं करा.

रोपांची ऑर्डर देण्याआधी आज एक काम करा. मे महिन्यात तुमची विहीर दिवसाला किती लिटर देते, ते वहीत लिहा. किती एकर लावायचं, ते त्या आकड्यावरून ठरेल.