तिकीट कोणाच्या हातात?

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मामांचे मुंबईचे आरक्षणाचे तिकीट मी खोलीवर बसून मोबाईलवर काढून दिले. त्याच आठवड्यात आईला आमच्या हॉल्टपासून जंक्शनपर्यंत पॅसेंजरने जायचे होते. तिचेही तिकीट इथूनच काढावे म्हटले, तर ते जमेना. लांबचे तिकीट जमते आणि दहा-पंधरा रुपयांचे का जमत नाही, हे शोधता शोधता जे समजले ते येथे मांडत आहे.

रेल्वेचे जुने तिकीट म्हणजे पुठ्ठ्याचा छोटा, जाड तुकडा. अगदी अलीकडेपर्यंत आमच्या हॉल्टवर तोच मिळत असे. त्याचा जनक थॉमस एडमंडसन हा इंग्लंडमधील एका लहान स्टेशनचा स्टेशनमास्तर, मूळचा लाकडी फर्निचर करणारा कारागीर. त्यापूर्वी कारकून प्रत्येक तिकीट हाताने लिहून देई. त्यात वेळ जाई आणि पैशांचा हिशोबही नीट लागत नसे. एडमंडसनने १८३० च्या दशकाच्या अखेरीस छापील, क्रमांक घातलेली तिकिटे सुरू केली आणि तारखेचा ठसा मारणारे यंत्रही बनवले. सकाळचा पहिला क्रमांक आणि संध्याकाळी उरलेला पहिला क्रमांक पाहिला की किती तिकिटे विकली ते कळे. म्हणजे क्रमांक होता तो कारकुनावर लक्ष ठेवण्यासाठी. प्रवाशाचे नाव त्यावर नव्हतेच. ज्याच्या हातात तुकडा, तो प्रवासी.

आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. तेव्हा जाडजूड रजिस्टर गेले, कागद राहिला. २००२ साली आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकीट मिळू लागले, तेही प्रथम कागदाचेच असे आणि कुरिअरने घरी येई! खरा बदल २००५ साली ई-तिकिटाने झाला. प्रवाशाने ते स्वतःच छापून घ्यायचे. पुढे काही वर्षांत छापण्याचीही गरज उरली नाही; मोबाईलवरचा संदेश आणि ओळखपत्र पुरेसे झाले. कारण आता तिकीट म्हणजे रेल्वेच्या यादीतील नोंद. तपासनीस माणसाचे नाव यादीशी ताडून पाहतो. मामांचे तिकीट मला काढता आले ते यामुळेच.

या बदलाची दुसरी बाजू वेटिंग लिस्टमध्ये दिसते. खिडकीवर काढलेले वेटिंगचे तिकीट हातात राहते. आरक्षित डब्यात बसता आले नाही तरी ते घेऊन जनरल डब्यातून जाता येते. ई-तिकीट शेवटपर्यंत वेटिंगमध्येच राहिले, तर यादी तयार होताच आपोआप रद्द होते आणि पैसे खात्यात परत येतात. पैसे मिळाले हे खरे, परंतु स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाकडे तिकीट नसते.

आता पॅसेंजरकडे वळू. तिथे ना नाव, ना आसन, ना यादी. मग एकच तिकीट दहा जणांनी दाखवू नये यासाठी काय करायचे? पुठ्ठ्याचा तुकडा एकच असतो, पण मोबाईलवरचे चित्र क्षणात दहा जणांना पाठवता येते. म्हणून अनारक्षित तिकिटांचे ॲप २०१४ च्या अखेरीस मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी कागदाविना तिकीट आले, तेव्हा ते तिकीट ज्या मोबाईलवर काढले त्याच मोबाईलला बांधले गेले. त्याचा फोटो चालत नाही. मोबाईल बंद पडला आणि तिकीट दाखवता आले नाही, तर प्रवासी विनातिकीट ठरतो. तपासनीस दिसल्यावर गडबडीने तिकीट काढणारेही निघणार, म्हणून उपग्रहावरून जागा ओळखून रुळांच्या अगदी जवळ तिकीट न देण्याची व्यवस्था केली होती. ही सारी योजना हुशारीची आहे, यात शंका नाही.

परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे प्रत्येक प्रवाशाचा स्वतःचा मोबाईल. आमच्या घरी एकच स्मार्टफोन आहे आणि तो माझ्याकडे, कॉलेजच्या कामासाठी. पूर्वी शेजारणीला सांगून तिकीट आणवता येई. ते पदराच्या गाठीत बांधले की काम झाले. आता सर्वांत स्वस्त तिकीटच दुसऱ्यासाठी काढणे सर्वांत अवघड झाले आहे. मोबाईलवर पैसे भरून तिकीट स्टेशनवर छापून घेण्याची सोय असते, हे मी पाहिले. परंतु त्यासाठी स्टेशनवर छापणारे यंत्र हवे. आमच्या हॉल्टवर पंखाही नाही.

खिडकी अजून आहे, म्हणून कोणाचे अडत नाही. तथापि, खिडकीवर गर्दी कमी झाली म्हणून ती बंद करण्याचा विचार कोणी करील, तेव्हा तिथे उरलेले चार-पाच जण कोण आहेत हे आधी पाहिले पाहिजे.

त्या दिवशी आईने हॉल्टवरच्या एजंटाकडूनच तिकीट काढले. पाच रुपये कमी पडत होते. ते तिने पुढच्या बाजाराच्या दिवशी नेऊन दिले.