गोधडीत न बसलेला स्वेटर

आष्टी तालुक्यातल्या कड्याला मावशीकडे गोधडी शिवायला बसायचं म्हणजे पहिला अर्धा दिवस निवडण्यातच जातो. ट्रंक उघडते, डांबरगोळ्यांचा वास ओसरीभर पसरतो आणि ढीग पडायला लागतात. धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी वरच्या थराला. धोतरं, परकर, शर्टांच्या पाठी आतल्या थरांना. जीन्स बाजूला, कारण सुई मोडते. स्वेटर मात्र मावशी न बघताच मागे सरकवते. एकदा मी विचारलं, "मावशी, सगळ्यात उबदार तर हाच, मग हाच का नको?"

"ताणतंय गं ते. इकडून टाका घातला की तिकडून फुगतंय. वाकळ सपाट बसत न्हाई."

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. लुगडं मागावर विणलेलं असतं, म्हणजे उभे धागे ताणून धरलेले आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून गेलेला. असं कापड आडवं-उभं फारसं ताणत नाही, म्हणून त्यावर धावदोरा सरळ पळतो. स्वेटर म्हणजे एकाच धाग्याचे फास. एका फासातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. ओढलं की फास पसरतो, सोडलं की आखडतो. घालणाऱ्याच्या अंगाला स्वेटर बसतो तो याच गुणामुळे आणि गोधडीतून हाकलला जातो तोही याच गुणामुळे. शिवाय कात्री लागली की फास सुटे होतात आणि सगळं उसवत जातं. मराठीला जुन्या कापडासाठी केवढे शब्द आहेत! धडुतं, चिंधी, फडकं, पटकूर, ठिगळ, दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग जोडले की दंड. यातलं एकही नाव स्वेटरला लागत नाही. तो आपल्या काटकसरीच्या जुन्या व्यवस्थेत उशिरा आलेला पाहुणा आहे.

पूर्वी त्याची गरजही नव्हती. या भागात ऊब म्हणजे घोंगडी. धनगराच्या मेंढीची लोकर, सनगराचा माग आणि चिंचोक्याची खळ. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, त्याची घोंगडी सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. स्वेटर आला तो शाळेच्या गणवेशातून, सुया घेऊन सुलट-उलट टाके शिकलेल्या मास्तरणींकडून आणि दर हिवाळ्यात शहरात पाल ठोकून बसणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून. ते बरेचसे स्वेटर तिबेटचे नसतात, लुधियानाचे असतात, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. २०२२च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन आलं, आणि पुण्या-नगरचे पाहुणे जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन सहज उतरू लागले. गाठोड्यात निम्मे स्वेटर.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते. धड असलेला स्वेटर कापू नये. आष्टी तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर किती तरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. उसाच्या फडाशेजारी कोपीत राहतात, पहाटे अंधारात कामाला लागतात आणि त्यांची पोरं थंडीत सोबत असतात. अंगात घालता येईल असा प्रत्येक स्वेटर आधी तिकडे जायला हवा. खाली जे लिहिते आहे ते उरलेल्यांबद्दल. ज्याचं कोपर गेलं आहे, ज्याला कसर लागली आहे, किंवा जो कुणीतरी गरम पाण्यात धुऊन बाहुलीच्या मापाचा केला आहे, त्याच्याबद्दल.

या उरलेल्या स्वेटरचं काय करावं, याचं एक उत्तर थंड मुलखातल्या लोकांनी शोधलं आहे. ते त्याचे बुटके करतात. नाताळच्या सुमारास पुण्या-मुंबईच्या दुकानांत दिसतात तेच. लांब टोकदार टोपी, टोपीखाली डोळे नाहीतच, थेट एक गोल नाक, नाकाखाली छातीवर रुळणारी दाढी, बस्स. इंग्रजीत नोम म्हणतात. आपल्याकडे 'हिमगौरी आणि सात बुटके' वाचलेल्या कुणालाही 'बुटका' हा शब्द पुरेसा आहे.

बागेत ठेवायचे मातीचे बुटके जर्मनीचे. १८४०च्या दशकात सर चार्ल्स आयशम नावाच्या इंग्रज जमीनदाराने तिथून एकवीस बुटके आणून लॅम्पोर्ट हॉल इथल्या आपल्या बागेत मांडले. त्यातला एकच आज शिल्लक आहे. पण कापडी, बिनडोळ्यांचा बुटका या मातीच्या बुटक्यांच्या वंशातला नव्हे. तो स्वीडनच्या तोम्तेचा आणि नॉर्वेच्या निस्सेचा वंशज. तोम्ते म्हणजे शेतघराचा राखणदार. गोठ्यात राहतो, रात्री गुरांवर नजर ठेवतो, दिसत नाही. नाताळच्या रात्री त्याला वाटीभर लापशी ठेवायची, वर लोण्याचा गोळा. त्याची एक लोककथा मला फार आवडते. एका पोरीने गंमत म्हणून लोणी लापशीच्या तळाशी लपवलं. वर लोणी दिसेना म्हणून तोम्ते चिडला आणि गोठ्यातली गाय मारून टाकली. मग परत येऊन लापशी खाल्ली तर तळाशी लोणी! बिचारा ओशाळला. त्याचं आज दिसणारं रूप, लाल टोपी आणि पांढरी दाढी, घडवण्यात येनी नीस्त्रम या चित्रकर्तीचा मोठा वाटा आहे. १८८१ साली तिने व्हिक्टर रिडबर्ग यांच्या तोम्तेवरच्या कवितेसाठी काढलेली चित्रं लोकांच्या मनात बसली.

तोम्तेची ही गोष्ट सांगितली तेव्हा मावशीला नवल वाटलं नाही. शेताला राखणदार असतो, त्याचं त्याला द्यावं लागतं, नाही दिलं तर तो रुसतो, यात नवल काय? बांधावरच्या म्हसोबाला नारळ चुकला की काय होतं हे तिने मला सविस्तर सांगितलं. तळकोकणात नि गोव्यात तर वेताळाला नव्या वहाणा वाहतात, रात्रभर गावाभोवती फिरून जुन्या झिजतात म्हणून. तिकडचा देवचारही खांद्यावर घोंगडी, हातात काठी असाच सांगतात. लापशी काय, वहाण काय, हिशोब एकच. फरक इतकाच की आपण आपल्या राखणदाराला शेंदूर लावला आणि त्यांनी त्यांच्या राखणदाराला टोपी घालून दिवाणखान्यात बसवलं. मला विचाराल तर त्यात त्याचा थोडा दरारा गेलाच.

आता कृती. स्वेटर हातात घेतला की आधी तो कशाचा आहे ते पाहायचं. आतल्या शिवणीतला धागा काढून चिमट्यात धरून पेटवायचा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टोकाला काळा कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. आपल्याकडचे बहुतेक अ‍ॅक्रिलिकच निघतात. लोकर असेल तर एक जादू करता येते. गरम पाणी, साबण आणि भरपूर चोळणं. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं, जाड होतं आणि मग कात्री लावली तरी उसवत नाही. म्हणजे धुण्यात बिघडलेला स्वेटर या कामाला सगळ्यात चांगला. अ‍ॅक्रिलिकला खवले नाहीत, त्यामुळे तिथे कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी आधी मशीन मारायची किंवा हाताने काजटाका घालायचा आणि मगच कापायचं. मी पहिल्यांदा आधी कापलं. संध्याकाळपर्यंत टोपी दोन बोटं कमी झाली होती.

बाही हा स्वेटरचा सगळ्यात मोलाचा भाग. मनगटाकडे दोन-अडीच इंचांची घट्ट पट्टी असते, सुलट-उलट टाक्यांची. तिथपासून वीतभर वर कापलं की टोपी तयार. मनगटाची पट्टी डोक्याला आपोआप आवळून बसते, तिला शिवण लागत नाही. वरच्या कापलेल्या तोंडाला धावदोरा घालून चुण्या ओढायच्या. टोपी उभी राहायला हवी असेल तर आत बांधकामाची बारीक तार, टोक वळवून. उरलेल्या बाहीचं धड. खालचं तोंड दोऱ्याने बांधून टाकायचं आणि ही गाठ आत जाईल असं उलटं करायचं.

तळाला वजन लागतं, नाहीतर बुटका टोपीच्या भाराने लवंडतो. परदेशात तांदूळ भरतात. मी बाजरी भरली होती. कड्यात बाजरी सोडून दुसरं काय सुचणार? आठ दिवसांनी उंदराने त्याला बुडाशी कुरतडलं आणि ट्रंकेजवळ बाजरीची रांगोळी पडली. तेव्हापासून वाळू, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, गाठ मारून. वर कापूस आणि कापताना पडलेली लोकरीची कातरण. भरताना मावशी पटकन म्हणाली, "ही तर महालक्ष्मीची कोठी!" तिच्याकडे गौरी उभ्या बसतात. खाली कोठी, तिच्या पोटात गहू-तांदूळ, वर मुखवटा आणि मग साडीच्या निऱ्या. पोटात वजन आणि वर डोकं, हे गणित मराठवाड्यातल्या बायकांना कुणी स्वीडनहून येऊन शिकवायला नको.

नाकाला लाकडी मणी घालतात. आम्ही सागरगोटा घेतला आणि तो जुन्या मोज्याच्या तुकड्यात गुंडाळून बांधला. माप अगदी नेमकं. दाढीचा प्रश्न मोठा होता. बाजारात मिळते ती नकली फर महाग, आणि दिसायलाही खेळण्यातल्या अस्वलासारखी. मावशीने बांधावरच्या केकताडाचा वाख काढला. केकताड म्हणजे घायपात. पान ठेचून, कुजवून, धुऊन, वाळवून जो पांढुरका तंतू मिळतो तो वाख. पोळ्याला बैलांच्या म्होरक्या, कासरे याचेच वळायचे. आता नायलॉन आलं आणि वाख वळणारे हात कमी झाले. वीतभर वाख मधोमध बांधला, बारीक कंगव्याने विंचरला आणि टोपीच्या पट्टीखाली टाचला. त्यावर नाक. टोपी थेट नाकापर्यंत खाली ओढली की डोळ्यांची गरजच राहत नाही. चेहरा काढता न येणाऱ्या माझ्यासारखीची केवढी सोय! एक सूचना मात्र गंभीरपणे करते. अ‍ॅक्रिलिक आणि वाख दोन्ही भुर्रकन पेटतात. दिवाळीत बुटका पणतीपासून लांब ठेवा.

असे बुटके करून विकावेत का, असं बचत गटातल्या बायका विचारतात. माझं मत, भरवशाचा धंदा म्हणून नको. एकाला दुपार जाते, आणि घेणारा त्याची तुलना चीनहून आलेल्या यंत्राच्या बुटक्याशी करतो. गोधडीला निदान अंगावर घेणारं गिऱ्हाईक आहे.

जुन्या स्वेटरचा खरा मोठा धंदा हरियाणात पानिपतला चालतो. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. तिथल्या गोदामांत युरोप-अमेरिकेत टाकलेले लोकरी कपडे कांडला बंदरातून डोंगरांनी येतात, पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून फाडून. जमिनीवर बसलेल्या बायका विळीसारख्या उभ्या पात्यावर बटणं, चेन, लेबलं उतरवतात. रंगारंगांचे ढीग लागतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग यंत्र त्यांचे तंतू करतं, तंतूंचं सूत आणि सुताची स्वस्त ब्लँकेटं. या मालाला शॉडी म्हणतात. युक्ती इंग्लंडातल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉची, १८१३ सालची. पूर आला, भूकंप झाला की मदत म्हणून वाटली जातात ती भुरकट ब्लँकेटं बऱ्याचदा याच जातीची. मेघना गुप्ता यांच्या २०१२च्या 'अनरॅव्हल' या माहितीपटात पानिपतच्या कामगार बायका आपसात नवल करतात, एवढे चांगले कपडे ही माणसं टाकतात कशी? त्यांच्यातला एक तर्क असा की तिकडे पाणी फार महाग असणार, धुण्यापेक्षा टाकणं परवडत असेल. आष्टी तालुक्यात टँकरची वाट पाहिलेल्या कुणालाही हा तर्क चुकीचा असला तरी वेडगळ वाटणार नाही.

आमचा बुटका पूर्ण झाला तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशीने त्याला कोनाड्यात ठेवून पाहिलं, खाली घेतलं, पुन्हा ठेवलं. मग स्वेटर उचलला. एक बाही गेलेली, दुसरी लोंबत होती.

"आन् हिचं काय?"

"राहू दे की. एक पुरे."

"एकटं कुणी बसवतं व्हय? ज्येष्ठा म्हटली की कनिष्ठा आलीच."

ती मशीनवर जाऊन बसलीसुद्धा. दुसऱ्या बुटक्याला दाढी नाही. त्याच वाखाच्या दोन वेण्या घातल्या आहेत आणि टोकांना लाल लोकरीचे गोंडे बांधले आहेत. उरलेल्या पाठीचा चौकोन कापून, कडेने काजटाका मारून तिने तो चुलीपाशी भाकरीच्या तव्याची फडकी म्हणून ठेवायला घेतला. मी अ‍ॅक्रिलिकचं सांगितलं. तिने तो सायकलच्या सीटवर चढवला.