गुन्हेगारीचे प्रमाण : शिक्षण व कारावास धोरणे

एकाच देशातील निरनिराळ्या घटकराज्यांत गुन्ह्यांचे प्रमाण भिन्न का असते आणि त्यावर शालेय शिक्षणविषयक व कारावासविषयक धोरणांचा कितपत परिणाम होतो, यांचा अभ्यास. तो गुन्हाशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या तिन्ही शास्त्रांत मोडतो. आधुनिक काळात असा अभ्यास मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे फौजदारी कायदा, तुरुंग व शाळा हे विषय प्रामुख्याने घटकराज्यांच्या अखत्यारीत असल्याने पन्नास राज्यांची तुलना करता येते. शाळा आणि तुरुंग या दोहोंवरील खर्चाचा मोठा वाटा राज्याच्या एकाच तिजोरीतून जात असल्याने या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्वही आहे.

अभ्यासाचा आरंभ : या विषयाचा पद्धतशीर अभ्यास फ्रान्समध्ये सुरू झाला. आंद्रे-मीशेल गेरी या वकिलाने १८३३ मध्ये फ्रान्सच्या प्रांतवार गुन्ह्यांचे व साक्षरतेचे नकाशे प्रसिद्ध केले. साक्षरतेच्या मोजमापासाठी त्याने सैन्यभरतीस आलेल्या तरुणांच्या लेखनवाचनक्षमतेची नोंद वापरली. अज्ञान हेच गुन्ह्याचे मूळ, ही तत्कालीन समजूत नकाशांवरून सिद्ध झाली नाही. उलट साक्षरतेत आघाडीवर असलेल्या उत्तरेकडील भागांत मालमत्तेविरुद्धचे गुन्हे अधिक आढळले. त्या भागांत उद्योगधंदे व संपत्ती अधिक असल्याने चोरीची संधीही अधिक होती.

तुलनेतील अडचणी : गेरीच्या निष्कर्षावरून शिक्षणामुळे गुन्हे वाढतात असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल. प्रांताविषयी जे खरे असते, ते त्यातील व्यक्तीविषयी खरे असतेच असे नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन याने १९५० मध्ये हा तर्कदोष १९३० च्या जनगणनेच्या आधारे दाखविला. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक, तेथे निरक्षरता कमी होती (सहसंबंध गुणांक सु. –०·५३), पण व्यक्तिशः पाहता परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता किंचित अधिक होती (सु. ०·१२). स्थलांतरित लोक मुळातच साक्षरता अधिक असलेल्या राज्यांत स्थायिक झाले, हे या विसंगतीचे कारण होय.

दुसरी अडचण नोंदणीची. पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे म्हणजे घडलेले सर्व गुन्हे नव्हेत. भारतात केरळ हे साक्षरतेत अग्रेसर राज्य असूनही तेथील नोंदलेल्या गुन्ह्यांचे दरलाखी प्रमाण मोठे दिसते. नागरिक तक्रार देण्यास व पोलीस ती नोंदविण्यास किती तत्पर आहेत, यावरही असा आकडा अवलंबून असतो. तिसरी अडचण कार्यकारणाच्या दिशेची. कारावासामुळे गुन्हे कमी होऊ शकतात, तसेच गुन्हे वाढल्यामुळे कैदीही वाढतात. लुइझिॲनामध्ये खुनांचे व कैद्यांचे प्रमाण ही दोन्ही दीर्घकाळ मोठी राहिली. एवढ्यावरून कोणते कशाचे कारण हे ठरत नाही.

कारावास धोरण : संयुक्त संस्थानांत १९७० च्या सुमारास राज्यांच्या व संघशासनाच्या तुरुंगांतील कैद्यांचे प्रमाण लाख लोकसंख्येस सु. १०० होते, २००७ च्या सुमारास ते सु. ५०० झाले. न्यूयॉर्कचे अमली पदार्थविषयक कडक कायदे (१९७३) आणि तिसऱ्या गुन्ह्यास दीर्घ शिक्षा देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा (१९९४) ही या धोरणाची ठळक उदाहरणे होत. हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण १९९१ मध्ये कमाल होते व २०१४ पर्यंत ते निम्म्याहून कमी झाले. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट याने १९९६ मध्ये न्यायालयीन आदेशांमुळे कैदी कमी करावे लागलेल्या राज्यांचा अभ्यास केला. त्यात कैद्यांची संख्या घटल्यावर गुन्हे वाढल्याचे आढळले. तथापि हा परिणाम सर्वकाळ सारखा नसतो. कैदी थोडे असतात तेव्हा सराईत गुन्हेगारच प्रामुख्याने आत असतात; संख्या वाढत गेली की किरकोळ गुन्हेगारांची भर पडते. शिवाय वाढत्या वयाबरोबर गुन्हे करण्याची प्रवृत्ती ओसरते, त्यामुळे दीर्घ शिक्षेच्या अखेरच्या वर्षांतून समाजाला लाभ थोडा होतो. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१४ च्या अहवालानेही कारावासवाढीमुळे झालेली गुन्ह्यांतील घट अनिश्चित व बहुधा फार मोठी नसल्याचे मत दिले. न्यूयॉर्क राज्यात १९९९ नंतर कैद्यांची संख्या सतत घटली, तरी त्यानंतरच्या दोन दशकांत तेथील गुन्हेही कमी झाले.

शिक्षण धोरण : सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मॅसॅचूसेट्सने १८५२ मध्ये, तर मिसिसिपीने सर्वांत शेवटी १९१८ मध्ये केला. पुढेही शाळा सोडण्याचे किमान वय राज्याराज्यांत वेगवेगळ्या वेळी वाढत गेले. लान्स लॉक्नर व एन्रीको मॉरेटी यांनी या फरकाचा उपयोग करून २००४ मध्ये दाखविले, की सरासरी शालेय शिक्षण एका वर्षाने वाढल्यास अटकेचे प्रमाण सु. ११ टक्क्यांनी घटते. खून, मारहाण व मोटारचोरी या गुन्ह्यांत हा परिणाम अधिक स्पष्ट होता. शिक्षणामुळे कायदेशीर मिळकत वाढते, साहजिकच तुरुंगात गेल्यास होणारे नुकसानही वाढते. शिवाय किशोरवयातील मुलांचा दिवस शाळेत जातो.

तुरुंगातील शिक्षण : दोन्ही धोरणे येथे एकत्र येतात. संघशासनाच्या १९९४ च्या कायद्याने कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारे पेल अनुदान बंद झाले. २०२० च्या कायद्यान्वये ते जुलै २०२३ पासून पुन्हा सुरू झाले. रँड संस्थेच्या २०१३ च्या अहवालानुसार तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांमध्ये पुन्हा गुन्ह्याकडे वळणाऱ्यांचे प्रमाण इतर कैद्यांपेक्षा सु. १३ टक्के-अंकांनी कमी होते. अर्थात शिकू इच्छिणारे कैदी मुळातच वेगळे असण्याचा संभव विचारात घ्यावा लागतो.

सारांश, राज्यांच्या आकड्यांची नुसती तुलना कारण दाखवीत नाही. कायद्यातील बदलांमुळे मात्र ते शोधण्याची संधी मिळते. अशा अभ्यासांवरून कारावास व शिक्षण या दोहोंनी गुन्हे घटतात, परंतु कारावासाचा सीमान्त लाभ कैदी वाढतील तसा कमी होतो, असे दिसते. कारावासाचा परिणाम तत्काळ, तर शिक्षणाचा एका पिढीनंतर दिसतो. त्यामुळे निवडणुकीच्या अल्प मुदतीत विचार करणाऱ्या शासनांचा कल बहुधा पहिल्याकडे राहतो.