ताब्यातला सिनेमा

जिंतूरला रेल्वे आली नाही. परभणीचे जंक्शन चाळीसेक किलोमीटरवर, आणि जालन्याहून मंठ्यामार्गे नांदेडकडे जाणारा रस्ता गावातून जातो. बाहेरचे जे काही यायचे ते एसटीच्या टपावर किंवा ट्रकमधून. सिनेमाही तसाच आला, पत्र्याच्या पेट्यांतून. एका चित्रपटाची चौदा-सोळा रिळे, हजार फुटांचे एक रीळ पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटे चालणारे. पेटी यायची, खेळ व्हायचे, पेटी पुढच्या गावाला निघायची. ती कोणाच्या हुकमाने फिरायची, हेही पाहण्यासारखे आहे. निजामाची राजवट 17 सप्टेंबर 1948 रोजी संपली, पण हिंदी चित्रपटधंद्याच्या नकाशावर मराठवाडा ‘निजाम सर्किट’मध्येच राहिला. संस्थान विलीन झाले, सर्किट झाले नाही! या सर्किटचे हक्क ज्याने घेतले त्याच्या हिशेबाने परभणी जिल्ह्यात चित्रपट लागायचा. कोणता, कधी आणि किती दिवस, यात गावाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. एकदा उतरलेला चित्रपट पुन्हा बघावासा वाटला तर वाट पाहायची, आणि ती वाट बहुधा फुकट जायची. कराराची मुदत संपलेल्या कितीतरी प्रती मोडीत निघाल्या. कृष्णधवल फिल्मवरची चांदी काढून घेण्यासाठीही त्या विकल्या गेल्या.

जुने चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर जमवण्याच्या छंदाकडे पाहायचे ते या पार्श्वभूमीवर. एरवी या छंदाची गणना काडेपेट्यांचे छाप आणि जुनी नाणी जमवण्याच्या रांगेत होते, आणि बोलणारे थोडे हसून बोलतात. माझे म्हणणे असे, की 1982 पासून कॅसेटी आणि व्हीसीडी असेपर्यंतचा काळ आपल्या सिनेमाच्या इतिहासात अपवादाचा होता. मुंबईत 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हापासून आजपर्यंत, तालुक्याच्या गावातल्या सामान्य प्रेक्षकाच्या हाती चित्रपट वस्तू म्हणून आला आणि त्याच्याच कपाटात राहिला, तो एवढ्याच काळात. त्याआधी तो वितरकाचा होता. आज तो पुन्हा कंपन्यांचा झाला आहे. मधल्या काळात ज्यांनी कॅसेटी सांभाळल्या त्यांनी त्या फटीचा उपयोग करून घेतला.

यंत्र जपानचे. सोनीचे बीटामॅक्स 1975 मध्ये आले, जेव्हीसीचे व्हीएचएस 1976 मध्ये. आपल्याकडे वारे फिरले ते 1982 च्या दिल्ली एशियाडपासून. रंगीत टीव्ही आला, बाहेरून संच आणण्यावरचे निर्बंध सैल झाले, आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात व्हीसीआर दिसू लागला. 1984 मध्ये लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर झपाट्याने पसरले आणि टीव्ही तालुक्यापर्यंत पोचला. पुढे औरंगाबादेजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि रंगीत टीव्ही ही मराठवाड्यातच बनणारी वस्तू झाली. व्हीसीआर मात्र बहुतेकांनी विकत घेतला नाही, भाड्याने आणला. गणपतीत, लग्नात, बारशाला ‘व्हिडिओ आणणे’ म्हणजे टीव्ही, प्लेअर आणि तीन कॅसेटी असा एका रात्रीचा संच. लाईट गेली तर जनरेटरचे वेगळे.

मुंबईत शेमारूने 1962 मध्ये पुस्तकांची फिरती लायब्ररी म्हणून सुरुवात केली होती आणि 1979 मध्ये ती व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देऊ लागली. हा तपशील माझ्या दृष्टीने मोठा आहे. पुस्तक भाड्याने नेणाऱ्याच्या हातीच पुढे कॅसेट आली. नाव लिहायचे, अनामत ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत करायची, हा सगळा व्यवहार वाचनालयाचा होता. चित्रपटाचे पुस्तक व्हायला सुरुवात झाली ती इथे. आणि पुस्तकाच्या बाबतीत जसे काही वाचकांचे भाड्यावर भागत नाही तसे इथेही झाले.

कॅसेट लायब्ररीवाला आणि कॅसेट जमवणारा यांच्यात मात्र गल्लत करू नये. लायब्ररीवाल्याला नवा चित्रपट हवा असायचा, आणि कोरी कॅसेट महाग, म्हणून तो जुन्यावरच नवा उतरवायचा. गेल्या महिन्याचा गल्लाभरू चित्रपट पुसला जायचा, तिथे 1950 च्या चित्रपटाची काय कथा? व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची एक छोटी खिट्टी असते. ती स्क्रूड्रायव्हरने कट्‌कन मोडली की त्या टेपवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा होते. जुन्या कॅसेटींचा ढीग पुढे आला की आधी ही जागा पाहावी. खिट्टी मोडलेली असेल आणि चिकटपट्टी नसेल, तर इथे कोणीतरी हा चित्रपट ठेवायचा असे ठरवले होते. कोऱ्या टेपची किंमत माहीत असलेल्या माणसाने घेतलेला हा निर्णय आहे, आणि असा निर्णय घेण्याची संधी त्याच्या आजोबांना कधी मिळाली नव्हती.

दुसरी अडचण लांबीची. नेहमीच्या ई-180 कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर टेप आणि तीन तासांची जागा. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) सव्वादोन तासांच्या आत संपतो, तो आरामात मावतो. पण ‘मुघल-ए-आझम’ (1960) 197 मिनिटांचा. मग एक तर दोन कॅसेटी, नाहीतर गाणे कापायचे. धंदेवाईक प्रतींमध्ये गाण्यांवरच कात्री चालायची, संवाद कोणी कापत नसे. जमवणारा दोन कॅसेटी घालायचा किंवा चार तासांची ई-240 शोधायचा. जिंतूरसारख्या गावात, जिथे अभंग आणि कव्वाली एकाच बाजारपेठेत ऐकू येतात, ‘संत तुकाराम’ आणि ‘मुघल-ए-आझम’ एकाच कपाटात असण्यात नवल वाटण्याचे कारण नाही. सर्किटने ही जोडी लावली नसती.

आता पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. चित्रपट जपणे हे काम पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे. 1964 मध्ये ते सुरू झाले, पी. के. नायर यांनी ते उभे केले. व्हीएचएसवर आडव्या तपशिलाच्या जेमतेम 240 रेषा उतरतात. प्रतीची प्रत काढली की चेहरे पुसट होतात, काळ्या-पांढऱ्यात भलतेच रंग येतात. अशा टेपला जतन म्हणणे ही जतनाची थट्टा नव्हे काय? गुणवत्तेपुरते हे मान्यच करायला हवे. मूळ निगेटिव्हपुढे टेप ही सावलीसुद्धा नाही. पण संग्रहालयाने सगळे वाचवले असते तर गोष्ट वेगळी. मूकपटांच्या काळात देशात सुमारे 1700 चित्रपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच पूर्ण वा बरेचसे उरले. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (1931) याची एकही प्रत ज्ञात नाही. ‘अयोध्येचा राजा’ (1932) हा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना मराठी बोलपट. जानेवारी 2003 मध्ये खुद्द पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातली रिळेही तिच्यात गेली. एका जागी सगळे ठेवण्यात काय धोका असतो हे त्या दिवशी कळले. शिवाय संग्रहालय मूळ आवृत्ती जपते. लोकांनी प्रत्यक्ष काय पाहिले, ते जपणे हे त्याचे काम नाही.

टेपचा उपयोग काय, अशी ज्याला शंका असेल त्याने ‘शोले’ घ्यावा. आणीबाणीच्या दिवसांत, 1975 मध्ये, सेन्सॉरच्या आग्रहाने शेवट बदलावा लागला. ठाकूरच्या हातून गब्बर मरतो तो मूळ शेवट कापला गेला आणि पोलीस येऊन त्याला धरून नेतात असा नवा जोडला. प्रेक्षकांनी पंधरा वर्षे तोच पाहिला. न कापलेली 204 मिनिटांची आवृत्ती प्रेक्षकांच्या हाती पहिल्यांदा आली ती 1990 च्या सुमारास ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हीएचएस कॅसेटवर. मूळ शेवटासह नीट दुरुस्त केलेली प्रत मोठ्या पडद्यावर यायला 2025 साल उजाडले, तेही आधी इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात. मधली पस्तीस वर्षे ज्याला तो शेवट पाहायचा होता त्याला टेप किंवा नंतर निघालेल्या डीव्हीडीच शोधाव्या लागल्या. ‘मुघल-ए-आझम’चेही तसेच. 2004 मध्ये तो संपूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला आणि पुढे टीव्हीवर बहुधा रंगवलेलाच दिसू लागला. बराचसा कृष्णधवल आणि शीशमहालापाशी अचानक रंगात न्हाणारा चित्रपट ज्याला हवा, त्याच्यासाठी आधीची कॅसेट होतीच. पुसट असली तरी ती एका विशिष्ट वेळची साक्ष आहे, आणि पुराव्याचे मोल रेषा मोजून ठरत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी 1977 पासून 2012 पर्यंत टीव्हीवरच्या बातम्या टेप केल्या, सुमारे सत्तर हजार कॅसेटी. घरच्यांना तो विक्षिप्तपणा वाटला असेल, पण वाहिन्यांनी जे ठेवले नाही ते त्या टेपांत सापडते.

दुसरा आक्षेप चोरीचा. तो टाळण्यात अर्थ नाही. त्या काळातल्या बहुसंख्य कॅसेटी बेकायदा प्रती होत्या. पडद्याच्या खालच्या कडेने जाहिराती सरकत असायच्या, त्यांचे पैसे निर्मात्याला मिळत नव्हते. 1984 मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून शिक्षा वाढवावी लागली ती याचसाठी. गंमत अशी, की त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बीटामॅक्स खटल्यात, घरी टीव्हीवरून कार्यक्रम टेप करून नंतर पाहणे गैर नाही, असा निकाल दिला. आपल्याकडे खासगी वापराची मोकळीक पुस्तक, नाटक, संगीत आणि चित्र यांना होती. चित्रपटाला ती 2012 च्या दुरुस्तीनंतर मिळाली. रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागणारा प्रादेशिक चित्रपट टेप करून ठेवणारा माणूस त्याआधी कायद्याच्या लेखी उघड्यावरच होता. त्याच्यात आणि शंभर प्रती काढून विकणाऱ्यात मी फरक करतो. विकणाऱ्याने निर्मात्याचे गिऱ्हाईक पळवले. टेप करणाऱ्याने जे घेतले ते जिंतूरच्या बाजारात कोणी विकायलाच ठेवले नव्हते. म्हणून ते पुण्याचे काम ठरते असे नाही, पण त्याला चोरीच्या धंद्याच्या हिशेबात धरणेही बरोबर नाही. शिवाय आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी संपतो. म्हणजे 1960 पर्यंतचे चित्रपट तर आज सर्वांचेच आहेत, आणि जुन्या चित्रपटांच्या संग्रहात तेच जास्त असतात.

तिसरा आक्षेप आजचा, आणि तो तरुणांचा: आता सगळे मोबाइलवर आहे, अडगळ कशाला? कॅसेट संपली ती खरे तर मोबाइलमुळे नव्हे, व्हीसीडीमुळे. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा प्लेअरचे हेड स्पिरिटने पुसत बसायला कोणाला वेळ होता? तरी व्हीसीडीसुद्धा ताब्यातली वस्तूच होती. खरा बदल त्यानंतरचा. ओटीटीवरचा चित्रपट हक्काची मुदत संपली की एका रात्रीत नाहीसा होतो. यूट्यूबवरचा तक्रार आली की उतरतो, किंवा कोणत्या कापलेल्या प्रतीवरून चढवला हे कळतही नाही. कोणता चित्रपट, कधी, किती दिवस, हे पुन्हा दुसराच कोणी ठरवतो. पत्र्याच्या पेटीच्या जागी सर्व्हर आला, सर्किट आहे तसेच आहे. निवड प्रचंड वाढली हे खरे, आणि जिंतूरच्या मुलाला आज जपानी दिग्दर्शक कुरोसावाचे चित्रपट घरबसल्या मिळू शकतात ही लहान गोष्ट नाही. पण मिळणे आणि आपल्याजवळ असणे यांत जो फरक आहे तो कॅसेट जमवणाऱ्याला नेमका कळला होता.

त्याच्या छंदाचा कमकुवत भाग कोणत्याच आक्षेपात येत नाही, तो टेपमध्येच आहे. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण धरून ठेवणारा थर दमट हवेत सुटू लागतो, पावसाळ्यात बंद कपाटात रिळावर पांढरी बुरशी धरते, आणि मराठवाड्याचा उन्हाळा तर पत्र्याच्या खोलीत कशालाच सोडत नाही. दुसरे म्हणजे यंत्र. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी फुनाई, तिने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवले. युनेस्कोने 2019 मध्ये इशारा दिला, की 2025 च्या आसपास चुंबकीय टेपा वाजवणे जवळजवळ अशक्य होईल. ते साल उलटले. चांगली टेप आणि चालू प्लेअर असा योग अजून जुळतो, पण दिवसेंदिवस कमी.

यावर कायद्यात एक वाट आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. 2012 च्या त्याच दुरुस्तीने, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या वस्तूची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला मुभा दिली. मात्र 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणारी आपली वाचनालये पुस्तके, वर्तमानपत्रे आणि सभासद यांवर अ, ब, क, ड वर्ग मिळवतात. कॅसेटीला त्या तक्त्यात रकाना नाही, त्यामुळे देणगी म्हणून आलेला खोका बहुधा जिन्याखाली जातो. तालुक्याच्या वाचनालयाने एक चालू प्लेअर, टेप संगणकात उतरवणारे एक कॅप्चर कार्ड आणि एक हौशी मुलगा एवढे जमवले तरी काम सुरू होते. क्रम मात्र उलटा लावावा. कंपनीने छापलेल्या, चकचकीत वेष्टनातल्या कॅसेटी शेवटी घेतल्या तरी चालतील, त्यांची प्रत कुठे ना कुठे असेल. आधी घ्यायच्या त्या टीव्हीवरून उतरवलेल्या, पाठीवर बॉलपेनने नाव लिहिलेल्या, खिट्टी मोडलेल्या. आणि त्या उतरवताना सुरुवातीची निवेदिका, मधल्या जाहिराती, खाली सरकणारी कुठल्या तरी दुकानाची पट्टी, यातले काहीही कापायचे नाही.