तारेवरची कापशी आणि भिंतीवरचा कोळी

दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातून प्रवास घडला, तर गाडीच्या खिडकीबाहेर जरा लक्ष ठेवावे. शेतात कापसाची बोंडे फुटलेली असतात आणि विजेच्या तारेवर राखी-पांढऱ्या अंगाचा, लालभडक डोळ्यांचा एक पक्षी बसलेला दिसतो. ही कापशी. घारीच्याच कुळातली, पण कावळ्याहून लहान. मध्येच ती उठते, शेतावर एका जागी पंख फडफडवीत टांगल्यासारखी राहते आणि मग खाली झेपावते. नेम साधला, तर वर येताना पायांत उंदीर असतो.

आता तिथल्याच एखाद्या घरात चला. दिवाळीची साफसफाई चालली आहे आणि भिंतीवर अर्ध्या बोटाएवढाही नसलेला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कोळी बसला आहे. झाडू जवळ येताच हे महाशय पळायचे सोडून वळून आपल्याकडेच बघतात! जाळे विणून माशीची वाट पाहणाऱ्यांतला हा नव्हे. मांजरासारखा दबा धरतो, रेशमाचा दोरा भिंतीला चिकटवतो आणि उडी घेतो. उडी चुकली तर दोरा आहेच.

या दोन शिकाऱ्यांची कुंडली जुळते ती डोळ्यांत. दूरचे बारकाईने पाहायचे तर डोळा लांब हवा, पण इवल्याशा डोक्यात तो मावायचा कसा? छायाचित्रकार पुढच्या भिंगामागे अंतर्गोल भिंग बसवतात. नळी आखूड राहते आणि प्रतिमा मोठी पडते. शिकारी पक्ष्यांच्या दृष्टिपटलावरचा खोल खळगा अशाच दुसऱ्या भिंगाचे काम करतो, असे स्नायडर आणि मिलर यांनी १९७८ साली मांडले. दोनच वर्षांनी विल्यम्स आणि मॅकिन्टायर यांना पोर्शिया नावाच्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या पुढच्या डोळ्यांत तशीच खळग्याची युक्ती आढळली. माणसाची नजर या पोर्शियाहून पाच-सहा पटच तीक्ष्ण. आणि त्याचा सारा देह आपल्या नखाएवढा!

नजर वळवण्याची तऱ्हा मात्र दोघांची निराळी. पक्ष्याचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत. तो मानच वळवतो. कोळ्याची भिंगे तर कवचालाच जखडलेली. म्हणून तो डोळ्याच्या नळीचे आतले टोक, म्हणजे दृष्टिपटलच, इकडेतिकडे सरकवतो. कॅमेरा जागेवर आणि आतली फिल्म हलते आहे, अशी ही मौज!

अंतराचा अंदाजही त्याला अजब रीतीने येतो. दृष्टिपटलाचे चार थर. एकावर चित्र स्पष्ट, शेजारच्यावर धूसर. किती धूसर, त्यावरून किती दूर. जपानी संशोधकांनी २०१२ साली घरगुती कोळ्यांना निव्वळ तांबड्या प्रकाशात शिकार करायला लावले, तेव्हा बिचाऱ्यांच्या उड्या आखूड पडल्या. माझे विचाराल, तर नजरेच्या या शर्यतीत कौतुक कोळ्याचेच अधिक.

दोघांवर संकटही एकाच जातीचे. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर शिकारी पक्ष्याला आयता सापडतो आणि विष त्याच्याही पोटात जाते. डासांसाठी मारलेल्या फवाऱ्याने डास खाणारा कोळीही मरतो.

जळमटे जरूर काढावीत. ती या कोळ्याची नव्हेतच. पण झाडू उचलण्याआधी भिंतीजवळ एक बोट हळूच हलवून पाहा. बोट जाईल तिकडे तो वळत राहील.